संख्यापद्धती पहिल्यांदा शिकवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या शाळांत, आयटीआयमध्ये आणि तालुक्याच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये जे कोणी बायनरी (फक्त ० आणि १ ची संख्यापद्धती) आणि हेक्स (सोळा चिन्हांची) पहिल्यांदा शिकवायला उभे राहतात, त्यांच्यासाठी हे पान आहे. उदाहरण म्हणून बहुतेक ठिकाणी ४५ हाच आकडा घेतला आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा तिथे पोचतोच, त्यामुळे ४५ म्हणजे किती हे इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. हेक्समधली अक्षरं या पानावर ए, बी, सी, डी, ई, एफ अशी देवनागरीत दिली आहेत; फळ्यावर आणि कीबोर्डवर ती इंग्रजीच वापरायची.

सुरुवात थेट बायनरीपासून करावी का?

नाही. सुरुवात दशमानापासूनच करा. मुलांना दशमान येतं, पण त्यात आपण काय करतो ते त्यांनी तिसरी-चौथीनंतर कधी पाहिलेलं नसतं. फळ्यावर ४५ लिहा आणि विचारा, यातल्या ४ ची किंमत किती? निम्मा वर्ग "चार" म्हणेल. दर्शनी किंमत आणि स्थानिक किंमत हा फरक प्राथमिक शाळेत शिकवलेला असतो, तोच पुन्हा बाहेर काढा: ४ दशक आणि ५ एकक. मग ३०७ चं विस्तारित रूप लिहून घ्या: ३ × १०० + ० × १० + ७ × १. मधलं शून्य काढून टाकलं तर काय होईल, हे विचारायला विसरू नका. "ही जागा रिकामी आहे" एवढंच शून्य सांगतं, आणि पुढे बायनरीत मुलं सर्वांत जास्त वेळा गाळतात ते हेच.

एवढं पक्कं झालं की एकच प्रश्न उरतो: प्रत्येक स्थान शेजारच्याच्या दहापटच का? दुप्पट चालणार नाही का? सोळापट? बायनरी, ऑक्टल (आठपटीची पद्धत), हेक्स हे तीन नवीन धडे नाहीत. एकच धडा आहे, फक्त पट बदलते.

चाळीसगावजवळच्या पाटणला एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याची नोंद त्यात आहे. 'लीलावती'त त्याच भास्कराचार्यांनी एक, दश, शत, सहस्र अशी परार्धापर्यंतची स्थानांची नावं दिली आहेत, प्रत्येक स्थान मागच्याच्या दहापट. पाटणादेवीला सहलीला गेलेल्या वर्गाला हे जरूर सांगा.

कॉम्प्युटर दहा अंक का वापरत नाही? "त्याला फक्त ऑन-ऑफ कळतं" एवढं सांगून भागतं का?

भागत नाही, कारण हुशार मुलगा लगेच विचारतो की व्होल्टेज कमी-जास्त करून दहा पातळ्या का करत नाहीत. खरं उत्तर चुकीच्या वाचनाशी जोडलेलं आहे. ५ व्होल्टवर चालणाऱ्या जुन्या टीटीएल चिपमध्ये इनपुटला ०.८ व्होल्टपर्यंत आलं तर ते ० धरतात आणि २ व्होल्टच्या वर आलं तर १. मधला पट्टा मुद्दाम मोकळा सोडलेला आहे. तार लांब असली, चिप तापली, शेजारच्या तारेतून गडबड शिरली, तरी ० चा १ होत नाही. त्याच ५ व्होल्टमध्ये दहा पातळ्या बसवल्या तर प्रत्येकीच्या वाट्याला अर्धा व्होल्ट येतो आणि थोड्याशा चढउतारानेही ६ चा ७ होतो.

बायनरी सोडून दुसरी यंत्रं झालीच नाहीत असं मात्र सांगू नका. १९४० च्या दशकातलं एनिॲक दशमान पद्धतीने मोजायचं, आणि मॉस्को विद्यापीठात १९५८ मध्ये तीन अंकांवर चालणारं 'सेतुन' बांधलं होतं. बायनरी टिकली ती स्वस्त आणि कमी चुकणारी म्हणून.

१०१ हे "एकशे एक" वाचलं तर बिघडतं काय?

खूप बिघडतं. "एकशे एक" म्हटलं की डोक्यात शंभर येतो, आणि मग मूल १०१ बायनरीला पाचाशी जोडूच शकत नाही. पहिल्या दिवसापासून "एक शून्य एक" असंच वाचायचं. शिक्षकानेही. फळ्यावर लिहिताना पाया नेहमी खाली लहान अंकात लिहा: बायनरीला २, हेक्सला १६. "इथे बायनरीच चाललंय, कशाला लिहायचं" म्हणून सोडलं की दोन तासिकांनंतर हेक्स सुरू होतं आणि फळ्यावरचा १० म्हणजे दोन, आठ, दहा की सोळा, हे कुणालाच सांगता येत नाही.

वर्गात कॉम्प्युटर नाही, किंवा आहे पण वीज नसते. तरी शिकवता येईल का?

पहिल्या तीन तासिका तरी कॉम्प्युटर नसलेलाच बरा. दोन वस्तू लागतात: चिंचोके आणि पुठ्ठा.

चिंचोके प्रत्येक गटाला ४५. (सरकी चालेल असं वाटतं, पण तिच्यावर तंतू राहिले असतील तर ती एकमेकींना चिकटते. आणि पेरणीच्या पाकिटातलं बियाणं मुलांच्या हातात अजिबात देऊ नका, त्याला औषध चोळलेलं असतं.) मुलांना सांगायचं, जोड्या लावा. ४५ च्या २२ जोड्या होतात आणि १ चिंचोका सुटा उरतो. तो सुटा एकीकडे ठेवा. आता जोड्यांच्या जोड्या: २२ जोड्यांचे चार-चारचे ११ ढीग झाले, उरलं काही नाही. चारच्या ११ ढिगांचे आठ-आठचे ५ ढीग, आणि चारचा १ ढीग उरला, तोही बाजूला. आठच्या ५ ढिगांचे सोळाचे २, उरला आठचा १. सोळाच्या २ ढिगांचा बत्तीसचा १, उरलं काही नाही. शेवटी बत्तीसचा १ ढीग हातात.

आता बाजूला काढलेले ढीग मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीने मांडा: बत्तीसचा आहे, सोळाचा नाही, आठचा आहे, चारचा आहे, दोनचा नाही, सुटा आहे. आहे म्हणजे १, नाही म्हणजे ०. १०११०१. बेरीज करून ताळा घ्या: ३२ + ८ + ४ + १ = ४५.

यात जे झालं ते सगळं "२ ने भागत जा आणि बाकी लिही" या कृतीत येतं, फक्त तिथे ते दिसत नाही. म्हणून भागाकाराची कृती चिंचोक्यांच्या नंतर द्या, आधी नाही.

पुठ्ठ्याचं काय करायचं?

केळीच्या खोक्याचा पुठ्ठा उत्तम, रावेर-यावल भागात तो फुकट मिळतो. साधारण ३० बाय २० सेंटिमीटरचे पाच तुकडे कापा. एका बाजूला मार्करने अनुक्रमे १, २, ४, ८, १६ ठिपके काढा, दुसरी बाजू कोरी. पाच मुलं वर्गाकडे तोंड करून उभी करा.

इथे हमखास एक घोळ होतो. कार्ड धरलेल्या मुलांची डावी-उजवी बाजू आणि बघणाऱ्यांची डावी-उजवी बाजू उलटी असते. १६ ठिपक्यांचं कार्ड वर्गाला डावीकडे दिसलं पाहिजे, म्हणजे ते धरणारं मूल आपल्या रांगेत अगदी उजव्या टोकाला उभं राहील. हे आधी ठरवलं नाही तर वर्ग १०११० वाचतो आणि रांगेतली मुलं ०११०१.

मग शून्यापासून मोजायला लावा. नियम असा: १ ठिपक्याचं मूल दर टाळीला कार्ड उलटतं. बाकीच्यांनी टाळ्या मोजायच्या नाहीत, फक्त आपल्याहून लहान कार्डाच्या शेजाऱ्याकडे बघायचं. त्याचे ठिपके जाऊन कोरी बाजू आली की आपलं कार्ड उलटायचं. एवढ्यावर ० ते ३१ आपोआप होतं. हातचा कसा सरकतो ते ११११ नंतरच्या टाळीला दिसतं: चार कार्डं एकापाठोपाठ कोरी होतात आणि पाचव्याचे ठिपके वर येतात. ही टाळी दोन-तीनदा करून घ्या.

भागाकाराच्या पद्धतीत बाक्या खालून वर का वाचायच्या? मुलं नेहमी उलट लिहितात.

कारण पहिली बाकी म्हणजे तो सुटा चिंचोका, एककाचा अंक. तो सर्वांत उजवीकडेच बसणार. चिंचोके केलेल्या वर्गाला हे पाठ करावं लागत नाही.

४५ ची मांडणी अशी:
४५ ÷ २ = २२, बाकी १
२२ ÷ २ = ११, बाकी ०
११ ÷ २ = ५, बाकी १
५ ÷ २ = २, बाकी १
२ ÷ २ = १, बाकी ०
१ ÷ २ = ०, बाकी १

खालून वर: १०११०१. दोन चुका नेहमीच्या. एक, भागाकार १ आला की मुलं थांबतात आणि शेवटची ओळ लिहीत नाहीत, त्यामुळे सर्वांत मोठा अंकच गळतो आणि उत्तर ०११०१, म्हणजे १३ होतं. भागाकार ० येईपर्यंत थांबायचं नाही. दुसरी चूक म्हणजे बाकी ० आली की ती न लिहिणं.

इथे १०११०१ मुद्दाम ताळ्यासाठी घेऊ नका; उलटं लिहिलं तरी ते १०११०१ च राहतं, म्हणजे चूक पकडली जाणार नाही. सरावाला ४४ किंवा ५० द्या. ५० म्हणजे ११००१०, उलटं वाचलं तर ०१००११, म्हणजे १९. चूक लगेच उघडी पडते.

वजाबाकीची पद्धत आणि भागाकाराची पद्धत, दोन्ही शिकवायच्या का?

हो, पण वजाबाकी आधी. फळ्यावर १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १ अशी ओळ लिहा आणि विचारा, ४५ मधून १२८ जातात? नाही, ०. ६४? नाही, ०. ३२? जातात, १, उरले १३. १६? नाही. ८? हो, उरले ५. ४? हो, उरला १. २? नाही. १? हो. ००१०११०१. आठ खाने भरायची सवय लागली की बाइट म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. २५५ पर्यंतच्या आकड्यांना हीच पद्धत वेगाने होते. मोठे आकडे आले की भागाकार.

बायनरीतून दशमानात येण्याची सोपी रीत कोणती?

वजनांची, म्हणजे स्थानांच्या किमतींची, बेरीज सगळ्यांना येते. त्याशिवाय एक रीत दाखवा, ती कमी पुस्तकांत असते: डावीकडून सुरू करा, प्रत्येक पायरीला दुप्पट करा आणि पुढचा अंक मिळवा. १०११०१ साठी: १, २, ५, ११, २२, ४५. वरच्या भागाकाराशी ताडून बघा. तेच आकडे, उलट्या क्रमाने. वर्गात हे कुणाच्या तरी लक्षात येतंच, आणि आलं नाही तर आणून द्या.

हेक्स कशाला? बायनरी पुरेशी नाही का?

यंत्राला पुरेशी आहे, माणसाच्या डोळ्यांना नाही. ००१०११०१११११०००१ हे एकदा वहीत उतरवून बघा. सोळा अंकांत एखादा गळतोच. चार-चारचे गट केले की ००१० ११०१ ११११ ०००१, आणि प्रत्येक गटाला एक चिन्ह: २डीएफ१. चार बायनरी अंक ० ते १५ पर्यंतच जातात, म्हणून सोळा चिन्हं लागतात: ० ते ९, मग ए म्हणजे १०, बी ११, सी १२, डी १३, ई १४, एफ १५. हेक्स म्हणजे बायनरीच, फक्त आटोपशीर लिहिलेली.

सोळाचा हातचा समजायला जुने आणे कामाला येतात. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, त्याआधी रुपयाचे सोळा आणे होते, आणि "सोळा आणे खरं" अजून बोलण्यात आहे. ९ आणे आणि ११ आणे म्हणजे २० आणे, म्हणजे १ रुपया ४ आणे. हेक्समध्ये ९ + बी = १४. वाचायचं "एक चार", चौदा नाही. घरातल्या आजीला विचारून या असं सांगितलं तरी चालेल. मात्र रुपयाच्या पुढे गाडी परत दहावर येते, त्यामुळे हे उदाहरण दोन अंकांच्या पलीकडे ताणू नका.

बायनरीचं हेक्स करताना उत्तर चुकतं, पण कृती तर बरोबर दिसते. कुठे बघायचं?

गट कोणत्या बाजूने पाडले ते बघा. गट नेहमी उजवीकडून. १०११०१ चे उजवीकडून गट १० आणि ११०१, म्हणजे २ आणि डी: २डी. ताळा: २ × १६ + १३ = ४५. डावीकडून पाडले तर १०११ आणि ०१, म्हणजे बी१, आणि ते होतं १७७. गट अपुरा पडला तर शून्यं डावीकडे लावायची.

दुसरी जागा म्हणजे दशमानातून हेक्स करताना बाकी १३ आली की मुलं "१३" असंच लिहितात. मग ४५ चं २१३ होतं. "एका खान्यात एकच चिन्ह" हा नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्या.

ऑक्टल आता कोण वापरतं?

लिनक्समध्ये फाइलच्या परवानग्या. ७५५, ६४४ हे आकडे ऑक्टल आहेत: वाचणे ४, लिहिणे २, चालवणे १. त्यापलीकडे फारसं नाही. एक तासिका पुरे. तीन-तीनचे गट: १०१ १०१, म्हणजे ५५.

एक सापळा मात्र सांगून ठेवा. सी भाषेत आकड्याच्या आधी शून्य लावलं की तो ऑक्टल धरला जातो. ०१० लिहिलं तर किंमत आठ. रांगा सुबक दिसाव्यात म्हणून मुलं शून्य लावतात आणि मग उत्तर का चुकतं ते तासभर शोधत बसतात. पायथॉन ३ या भाषेत असं लिहिलं तर सरळ एररच येते.

बायनरी बेरजेत मुलं कुठे अडखळतात?

१ + १ + १ ला. १ + १ = १० (शून्य लिहा, हातचा १) हे पटकन बसतं, पण हातचा धरून तीन एक आले की गोंधळ. ते ११: १ लिहा, हातचा १. सरावाला ४५ + २७ द्या:

  १०११०१
+ ०११०११
= १००१०००

यात प्रत्येक खान्यातून हातचा पुढे जातो आणि तीन एकांची वेळही येते. उत्तर ७२. हातचे वरच्या ओळीत लहान अक्षरांत लिहायलाच लावा.

ऋण संख्या कशी समजावायची? "उलटं करा आणि एक मिळवा" हे जादूसारखं वाटतं.

जादू वाटतं कारण कारण सांगितलं जात नाही. आठ खान्यांच्या ओळीत सर्वांत डावीकडच्या स्थानाची किंमत १२८ ऐवजी उणे १२८ करा. बाकी सगळं तेच. मग ११०१००११ म्हणजे −१२८ + ६४ + १६ + २ + १ = −४५. बस. मर्यादाही तिथेच दिसते: सर्वांत लहान −१२८, सर्वांत मोठी १२७.

उलटं करून एक मिळवायची कृती त्यानंतर: ००१०११०१ चं उलटं ११०१००१०, एक मिळवला की ११०१००११. ताळा म्हणून ४५ आणि −४५ ची बेरीज करायला लावा. आठही खाने शून्य येतात आणि नववा हातचा बाहेर पडतो, त्याला जागाच नाही. खाने आधी ठरवल्याशिवाय ही कृती करायची नाही. ४५ सहा अंकांत लिहून उलटं केलं तर काहीच्या काही उत्तर येतं.

१२७ मध्ये १ मिळवला की −१२८ होतं हेही करून दाखवा. ३२ खान्यांत हीच गोष्ट २,१४,७४,८३,६४७ ला होते. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ३२ खान्यांत ठेवणाऱ्या जुन्या यंत्रांचा हा आकडा १९ जानेवारी २०३८ ला भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी भरतो. तारीख फळ्यावर लिहिली की वर्ग जागा होतो.

दशांश अपूर्णांक बायनरीत शिकवावेत का?

अकरावी-बारावी, डिप्लोमा, बीसीएला हो. आठवी-नववीला नको.

पूर्णांकाला २ ने भागतो, अपूर्णांकाला २ ने गुणतो. ०.६२५ × २ = १.२५, लिहा १, ०.२५ × २ = ०.५, लिहा ०, ०.५ × २ = १, लिहा १. उत्तर ०.१०१, या वेळी वरून खाली. "तिकडे खालून, इकडे वरून" हे पाठ करायला लावू नका. दोन्हीकडे पहिला मिळणारा अंक दशांश चिन्हाला चिकटून बसतो, पुढचे लांब जात राहतात.

मग ०.१ द्या आणि गप्प बसा. ०.२, ०.४, ०.८, १.६, १.२, पुन्हा ०.४... उत्तर ०.०००११००११००११ असं चालूच राहतं. दहा पैशांचा आकडा बायनरीत कधीच पुरा लिहिता येत नाही. पायथॉनमध्ये ०.१ + ०.२ केलं की ०.३०००००००००००००००४ येतं ते यामुळेच, पायथॉन बिघडलेलं नसतं. मुलांनी दुकानाच्या बिलाचा प्रोग्रॅम लिहिला तर पैसे पूर्णांकात ठेवायला सांगा आणि रुपये फक्त दाखवताना करा.

ही छोटी चूक साठत गेली तर काय होतं याचं उदाहरण नोंदलेलं आहे. २५ फेब्रुवारी १९९१ ला सौदी अरेबियातल्या दहरान इथे पेट्रियट ही अमेरिकेची क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा समोरचं क्षेपणास्त्र अडवू शकली नाही आणि २८ सैनिक मारले गेले. तिचं घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागात मोजायचं आणि ०.१ ही किंमत २४ खान्यांत कापून ठेवलेली होती. सुमारे १०० तास सलग चालल्यावर फरक सेकंदाच्या एक तृतीयांशापर्यंत गेला होता.

आपल्या भाषेतलं एखादं उदाहरण आहे का, जे मुलं स्वतः करून बघतील?

आहे, आणि फार चांगलं आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला आकडा देणाऱ्या यादीत, देवनागरीला हेक्स ०९०० ते ०९७एफ अशा १२८ जागा दिल्या आहेत. "धुळे" या शब्दाचे चार आकडे: ध ०९२७, उकार ०९४१, ळ ०९३३, एकाराची मात्रा ०९४७. विंडोजवर वर्डमध्ये इंग्रजी अंकांत ०९३३ टाइप करा आणि लगेच ऑल्ट व एक्स एकत्र दाबा, तिथे ळ उमटतो. मग उलटं काम द्या: ०९१५ म्हणजे क, तर दशमानात किती? ९ × २५६ + १ × १६ + ५ = २३२५. आपापल्या नावाचे आकडे शोधायला सांगितलं की हेक्सचा सराव न मागता होतो. मात्रा आणि उकारांना स्वतंत्र आकडे असतात, हे मुलांना तिथेच कळतं.

याला जोडून एसएमएसचं गणित घ्या. एका एसएमएसमध्ये १४० बाइट, म्हणजे ११२० बिट (बायनरी अंक). इंग्रजी अक्षराला ७ बिट, म्हणून १६०. मराठी मजकुराला १६ बिट, म्हणून ७०. मराठी मेसेजचे दोन-तीन तुकडे का होतात हे अनेकांना ठाऊक नसतं.

६४ जीबीचा पेनड्राइव्ह ५९ का दाखवतो? मुलं म्हणतात दुकानदाराने फसवलं.

दुकानदार निर्दोष आहे. बनवणारा जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतो. विंडोज १०२४ × १०२४ × १०२४ ने भागतं. ६४ अब्ज भागिले १,०७,३७,४१,८२४ म्हणजे सुमारे ५९.६. (२९ किंवा ३० दाखवत असेल तर मात्र दुकानात परत जा.)

कॅल्क्युलेटर आणि एक्सेलवर ताळा घेताना उत्तरं चुकीची का येतात?

एक्सेलमध्ये चार ठिकाणी पाय घसरतो. सेलमध्ये ००१०११०१ टाइप केलं की सुरुवातीची शून्यं उडतात. सोळा अंकी बायनरी टाकली तर शेवटचा अंक ० होतो, कारण एक्सेल पंधराच अंक धरून ठेवतं. २ई५ हा हेक्स आकडा टाकला की त्याला घातांक समजून दोन लाख करतं. या तिन्हींवर उपाय एकच, सेल आधी टेक्स्ट करून घ्या. चौथं, डेक-टू-बिन हे फंक्शन −५१२ ते ५११ एवढंच चालतं, कारण ते दहाच खाने वापरतं. ६०० दिलं की एरर. तिथे बेस हे फंक्शन वापरा, ते १००१०११००० देतं.

विंडोजच्या कॅल्क्युलेटरमध्ये प्रोग्रॅमर मोड निवडा, चारही पाये एकदम दिसतात. कॅसिओ एफएक्स-९९१ईएसवर मोड दाबून ४. या मोडमध्ये दशांश चिन्ह चालत नाही, यंत्र बिघडलं असं समजू नका.

घरी अहिराणी, भिली किंवा पावरी बोलणाऱ्या मुलांसाठी काही वेगळं करावं का?

समजावण्याची भाषा तुमच्या वर्गाला जी जवळची ती. चिंचोके कोणत्याही बोलीत मोजता येतात. फक्त अंकांचा एक पेच आधी सोडवा: मराठी माध्यमात वहीत १, २, ३ देवनागरीत असतात आणि कीबोर्डवर इंग्रजी. दोन्ही ओळी फळ्याच्या कोपऱ्यात पहिल्या दिवशी लिहून ठेवा, पुसू नका. पायथॉनला देवनागरी "४५" हा मजकूर इंट फंक्शनला दिला तर तो निमूट ४५ करून देतो. कोडमध्ये सरळ ४५ देवनागरीत लिहिलं तर मात्र एरर.

एकूण किती तासिका धराव्यात?

पस्तीस-चाळीस मिनिटांच्या साधारण आठ. स्थानिक किंमत एक, चिंचोके आणि कार्डं दोन, लेखी रूपांतर दोन, हेक्स दोन, ऑक्टल आणि उजळणी एक. ऋण संख्या आणि अपूर्णांक यांना मोठ्या वर्गांत आणखी तीन. घाई करायचीच असेल तर ऑक्टलमध्ये करा, चिंचोक्यांमध्ये नको.

परीक्षेत उत्तर बरोबर असून गुण का कापले जातात?

पाया लिहिलेला नसतो, किंवा पायऱ्या नसतात. भागाकाराच्या सगळ्या ओळी, बाक्यांचा रकाना आणि वाचायच्या दिशेचा बाण, एवढं उत्तरपत्रिकेत दिसलं पाहिजे. हेक्सची अक्षरं मोठ्या लिपीतली काढायला लावा. लहान बी आणि ६ हे घाईच्या अक्षरात सारखेच दिसतात, आणि तपासणारा ६ च वाचतो.